वन्संचा गॅस आणि जाऊबाईंची जमीन

अहो, ऐकलंत का? या ना अशा, जरा भिंतीला लागून उभ्या राहा. आमचे हे आत पेपर वाचताहेत. म्हणजे डोळे पेपरात, कान इकडे. काल आमच्याकडचं चैत्रगौरीचं हळदीकुंकू आटोपून तुम्ही लगेच निघालात ना, तिथंच फसलात. खरा कार्यक्रम तुम्ही गेल्यावर झाला!

आमच्या बडोद्याच्या वन्सं आल्यात हे तर तुम्हाला ठाऊकच आहे. अहिंसा एक्सप्रेसने आल्या, आणि आल्यापासून घरात शांतता म्हणून नाही. येताना लीलो चिवडा आणला, तो छानच असतो, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण भाकरवडी? पुण्याला येताना भाकरवडी घेऊन यायची? वर म्हणतात, "ही खाऊन बघा, मूळची आमच्याकडची." मी हसून डबा फडताळात ठेवला. बोलले काही नाही. पहिल्याच दिवशी कुठं…

तर काय सांगत होते… हां. बायका गेल्या, उरलो घरच्याच. मी, वन्सं, चाकणच्या आमच्या थोरल्या जाऊबाई आणि समोरच्या बंगल्यातल्या बेन. त्या काय, घरच्यासारख्याच. चौघींपुरता चहा टाकावा म्हणून मी शेगडी पेटवली. वन्सं ओट्याशी येऊन उभ्या राहिल्या, जाळाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "सिलिंडर दिसत नाही गं?"

म्हटलं, "पाइपलाइन आली ना प्राधिकरणात. त्याला झाली आता वर्षं."

"मग तो पाइपातला गॅस येतो कुठून, माहितीये का?" आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःच उत्तर दिलं, "आमच्या दहेजहून! तुम्ही पिंपरी-चिंचवडवाले एवढ्या मोटारी बनवता, एवढा तोरा मिरवता, पण चहा उकळतो तो गुजरातच्या जिवावर."

अहो, जाऊबाईंचा चेहरा बघायला हवा होतात! पन्ह्याचा पेला ओठापर्यंत गेलेला, तो तिथंच थांबला. चाकणच्या माणसाला असं बोलायचं म्हणजे… आणि गंमत अशी की वन्संचं माहेर तरी कुठलं? चाकणच! त्याच वाड्यात जन्मल्या, त्याच कांद्याच्या वखारीवर खेळल्या. लग्न होऊन बडोद्याला गेल्या, यजमान मकरपुऱ्याला ओएनजीसीत, त्यामुळे तेल आणि गॅस म्हटलं की यांना वाटतं सासरच्या विहिरीतूनच उपसतात.

तेवढ्यात आतून आवाज. आमच्या ह्यांचा. टेल्कोत आयुष्य गेलेला माणूस, नळी दिसली की तिचं दुसरं टोक कुठं आहे ते शोधल्याशिवाय चैन नाही. म्हणाले, "ताई, दहेजला तो नुसता उतरतो. येतो कतारहून." मग काय, लेक्चरच. तिकडे तो उणे एकशे साठ अंशांपर्यंत गार करून द्रव करतात म्हणे, जहाजात भरतात, २००४ पासून खंभातच्या आखातात दहेजच्या धक्क्यावर उतरवतात, तिथं पुन्हा त्याचा वायू करून पाइपात सोडतात. दहेज ते उरण पाइपलाइन, तिथून घाट चढून आपल्याकडे. आपली ती गॅस कंपनी, एमएनजीएल हो, गेल आणि भारत पेट्रोलियमने मिळून २००६ मध्ये काढली, तिच्या हद्दीत पुणं, आपण, हिंजवडी, चाकण, तळेगाव सगळं आलं.

जाऊबाईंचा पेला खाली आला. "म्हणजे कतारचा! मग यात गुजरातचं काय? धक्का तेवढा त्यांचा."

"थांबा वहिनी," हे म्हणाले, "तसंही नाही. घरगुती शेगडीला आणि सीएनजीला सरकार आधी देशातला गॅस देतं. तो कमी पडला की बाहेरचा. पाइपात सगळं मिसळूनच येतं."

"देशातला म्हणजे मुंबई हायचा ना?" जाऊबाई आता खुर्चीत सरळ झाल्या. "मग झालं तर! आमचाच गॅस आमच्या शेगडीत!"

मला वाटलं, मिटलं. मी कप मांडले. पण वन्संच्या चेहऱ्यावर ते हसू होतं ना… ओळखते मी ते. पत्ते खेळताना हुकूम राखून ठेवलेला असला की असंच हसतात.

म्हणाल्या, "मुंबई हाय तुमचा कधीपासून? मुंबईपासून दीडशे-एकशे साठ किलोमीटर आत समुद्रात आहे ते. तिथलं सगळं दिल्लीचं. घटनेत लिहिलंय. आमच्याकडे अंकलेश्वरला, मेहसाण्याला, कलोलला जमिनीतून तेल निघतं, त्याची रॉयल्टी आमच्या राज्याला मिळते. तुम्हाला मुंबई हायची रॉयल्टी मिळते का? एक पैसा?"

शांतता. ह्यांनी पेपर वर घेतला. म्हणजे समजा तुम्ही, खरं होतं.

मला मात्र वाईट वाटलं हो. १९७४ मध्ये सागर सम्राटने तिथं तेल शोधलं, १९७६ मध्ये बाहेर काढायला लागले, तेव्हा केवढं कौतुक होतं! एक रुपयाच्या नोटेवर त्या सागर सम्राटचं चित्र आलं. माझ्या सासूबाई ती कोरी नोट देवघरात ठेवायच्या. आणि आपल्याला नोट तेवढी! उरणला कारखाना आला, माणसांना कामं मिळाली, ते आहेच. पण रॉयल्टी नाही ती नाहीच.

वन्सं थांबतील तर ना. "आणि ते वसईसमोरचं क्षेत्र? साउथ बसीन? तिथला गॅस समुद्राखालून जातो कुठं? आमच्या हजिऱ्याला! तिथून पुढे विजयपूर, जगदीशपूर. पार यूपीत तुमच्या वसईच्या गॅसवर खत बनतं. तुम्ही इकडे शेवग्याच्या शेंगा सोलत बसला होतात तेव्हा?"

आता या शेवग्याच्या शेंगांचा काय संबंध? पण बडोद्याला राहिलेल्या माणसाची बोलायची ढबच तशी. बेन आपल्या मान खाली घालून डाळ खात होत्या. आंब्याची डाळ कशी झाली होती हो? मला वाटलं मिरची जरा… बरं असो.

तर काय सांगत होते… जाऊबाई! त्या गप्प बसणाऱ्यातल्या नव्हेत. पदर खोचला आणि म्हणाल्या, "वन्सं, तुम्ही ज्या बडोद्याचा एवढा अभिमान सांगता, तिथं राज्य कुणी केलं? गायकवाडांनी. आणि गायकवाड कुठले? आपल्या खेड तालुक्यातल्या दावडीचे! चाकणहून गाडीने निघालं तर चहा गार व्हायच्या आत दावडी येते. निमगावच्या खंडोबाला जाताना लहानपणी तुम्हीही तिथूनच गेलात. तेव्हा नाही आठवलं दहेज?"

अहो, मी तर टाळीच वाजवणार होते! खरंच आहे ना. गुजरातची चौथाई गोळा करायचं काम तळेगावच्या दाभाड्यांकडे. खंडेराव दाभाडे शाहू महाराजांचे सेनापती, १७१७ पासून, आणि गायकवाड त्यांच्या हाताखालचे सरदार. पुढे १७३१ मध्ये डभईला, म्हणजे बडोद्याजवळच, त्र्यंबकराव दाभाडे बाजीरावांशी लढताना पडले. घरातलंच भांडण म्हणायचं ते. पुढच्याच वर्षी डाकोरला पिलाजी गायकवाडांचा खून झाला, तेव्हा उमाबाई दाभाडे स्वतः फौज घेऊन अहमदाबादेवर चालून गेल्या. बाईमाणूस, विधवा, तळेगावहून थेट अहमदाबाद! त्यांची समाधी तळेगावात आहे, तुम्ही गेलाय की नाही? एकदा जाऊ आपण रिक्षाने. पण सकाळी लवकर, सीएनजीची रांग लागायच्या आत, नाहीतर रिक्षावाला आपल्याला रांगेत उभं करतो…

वन्सं थोड्या मऊ झाल्या हं. लक्ष्मीविलास पॅलेस बघितला की मलाही चाकण आठवतं, असं काहीसं पुटपुटल्या. सयाजीराव तरी कुठले, आपल्या नाशिककडच्या कवळाण्याचे, दत्तक नेलेले, हेही त्यांनीच सांगितलं. मला वाटलं, आता चहा प्यायचा.

पण नाही! जाऊबाईंना तिथं थांबायचं कळलं नाही. जिंकलेल्या माणसाला हाच शाप असतो बघा. म्हणाल्या, "आणि राज्याची वाटणी झाली तेव्हा मुंबई आम्ही मिळवली. माणसं गेली हुतात्मा चौकात, पण मुंबई घेतली."

बस्स. वन्संनी कप खाली ठेवला. बशीवर असा वाजला तो.

"वाटणीचं बोलताय का वहिनी? बोलू या. लुणेजला, खंभातजवळ, पहिलं तेल निघालं १९५८ मध्ये. तेव्हा दोन्ही घरं एकच होती, द्विभाषिक मुंबई राज्य, आणि मुख्यमंत्री तुमचे यशवंतराव. म्हणजे तेल निघालं ते एकत्र कुटुंबात! दोन वर्षांनी, १ मे १९६० ला वाटणी. तेव्हा सगळे म्हणत होते, गुजरात बिचारं तुटीत जाणार, त्यांना काही वर्षं सांभाळून घ्या, म्हणून महाराष्ट्राने वरचे पैसे द्यायचं कबूल केलं. मुंबई मोठ्या भावाला, धाकट्याला हातखर्ची. झाली वाटणी? सह्या झाल्या? आणि १४ मेला अंकलेश्वरला तेल लागलं! तेरा दिवसांनी! नेहरूंनी त्या विहिरीला वसुधारा म्हटलं. धाकट्याच्या वाट्याला आलेल्या पडीक रानात हंडा निघाला!"

आता बघा, हे सगळं त्या सांगत होत्या गुजरातचं, पण बघत होत्या जाऊबाईंच्या डोळ्यांत. आणि जाऊबाई बघत होत्या फरशीकडे. माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. अगंबाई! हे तेलाचं नाहीच चाललेलं!

तुम्हाला ठाऊक आहे ना ते प्रकरण? चाकणचं? सगळ्या प्राधिकरणाला ठाऊक आहे. सासरे गेले तेव्हा वाड्यामागची जमीन नुसती कांद्याची आणि भुईमुगाची. विहिरीला पाणी उन्हाळ्यात आटायचं. वन्संना बोलावून घेतलं, साडीचोळी केली, पुरणपोळी खायला घातली आणि हक्कसोडपत्रावर सही घेतली. त्याही बिचाऱ्या हसत हसत करून गेल्या. बहिणीने भावाकडे जमीन मागायची म्हणजे लोक काय म्हणतील… तेव्हा तसंच होतं हो. आधीच लग्न झालेल्या मुलीलाही वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतका वाटा हा कायदा २००५ चा, आणि सही त्याच्या कितीतरी आधीची.

मग एमआयडीसी आली. नंतर तर काय, फोक्सवॅगन आली २००९ मध्ये, मर्सिडीज आली, महिंद्राचा मोठा कारखाना आला, बजाज तर त्याच्याही आधीपासून. काही जमीन संपादनात गेली, त्याचे पैसे आले. उरलेल्या तुकड्यावर जाऊबाईंनी खोल्या बांधल्या. आता भाडेकरू कोण? झारखंडचे, बिहारचे, आणि हो, दोन पोरं भरूचची! महिन्याच्या महिन्याला भाडं. आणि वन्संना दिवाळीला एक साडी. तीसुद्धा गेल्या वर्षी कुरियरने.

म्हणजे आता कळलं ना, वन्संना ते तेरा दिवस इतके पाठ का आहेत?

मी विषय बदलायचा म्हणून बेनना विचारलं, "तुमचे भाऊ अंकलेश्वरलाच असतात ना?" त्या म्हणाल्या, "हो, केमिकलमध्ये." आणि मग हळूच म्हणाल्या, "हंडा निघाला ते खरं वन्संबेन, पण धूरपण निघाला. २००९ मध्ये सरकारने देशातल्या प्रदूषित औद्योगिक वसाहतींची यादी केली, तिच्यात अंकलेश्वर पहिलं होतं. भाभी सांगते, वाळत घातलेल्या साड्यांना वास येतो." वन्सं यावर काही बोलल्या नाहीत. मी म्हटलं, आपली इंद्रायणी तरी कुठं बरी आहे, आळंदीला फेस येतो तो काय साबणाच्या जाहिरातीसाठी येतो? सगळ्या हसल्या. जाऊबाई नाही हसल्या.

तेवढ्यात आमच्या ह्यांनी पेपरातून डोकं काढलं आणि नको तेच बोलले. पुरुषांना वेळ कळत नाही. "वाटणी अजून चालूच आहे," म्हणाले. "वेदांता-फॉक्सकॉन! तळेगावात येणार, येणार म्हणत होते, सप्टेंबर २०२२ मध्ये करार झाला गुजरातशी. एक लाख चोपन्न हजार कोटींचा!"

"आणि पुढे?" वन्सं पटकन म्हणाल्या. "जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन बाहेर पडली. तुमच्याकडून गेला, आमच्याकडेही आला नाही."

"पण विमानं तरी बडोद्यातच बनताहेत ना? टाटा-एअरबसची? नागपूरला येणार होती ती."

"मग जनरल मोटर्सचं सांगा! हालोलचा कारखाना आधी बंद केला, २०१७ मध्ये, आणि तळेगावचा तीन वर्षांनी. आमचा एमजीने घेतला, तुमचा ह्युंदाईने. त्या कंपनीने दोघांनाही सारखंच सोडलं की नाही?"

आमच्या ह्यांना हे उत्तर भलतंच पटलं. मान डोलवायला लागले! मला असा राग आला… बहिणीने बोललेलं सगळं पटतं. मी तेच बोलले असते तर "तुला काय कळतंय" म्हणाले असते. मग दोघं भाऊ-बहीण सुरूच झाले. म्हणे आमच्या टेल्कोची माणसं नॅनोसाठी साणंदला गेली, म्हणे अंकलेश्वरचं तेल सुरुवातीला रेल्वेच्या टाक्यांतून ट्रॉम्बेलाच शुद्ध व्हायला येत होतं, कोयाळीची रिफायनरी १९६५ ची. म्हणे बजाजने २०२४ मध्ये सीएनजीवर चालणारी मोटारसायकल काढली, तिला आता दोन्हीकडे गिऱ्हाईक. निघतं कुठं, उतरतं कुठं, जळतं कुठं, यांचा हिशोब काही संपेना. मी म्हटलं, चहा गार होतोय तो आधी संपवा.

आता खरी गोष्ट ऐका. इतक्या वेळ मी नुसती प्रस्तावना केली.

जाऊबाई उठल्या. मला वाटलं रागावून निघाल्या. पिशवी उचलली, चपला घातल्या, दारापर्यंत गेल्या, आणि परत फिरल्या. वन्संना म्हणाल्या, "तुम्हाला जे बोलायचंय ते सरळ बोला ना. अंकलेश्वर कशाला मध्ये आणता?"

अहो, माझ्या हातातली बशी… पडली नाही, पण पडली असती.

वन्सं जागच्या हलल्या नाहीत. म्हणाल्या, "मी काही मागितलंय का वहिनी? सही केली ती माझ्या हाताने केली. गुजरातने का परत केले पैसे? नाही ना? दिलं ते दिलं. पण महाराष्ट्राने निदान काहीतरी कबूल तरी केलं होतं. तुम्ही मला पुरणपोळी वाढलीत."

बेन उठून निघूनच गेल्या. शहाणी बाई. हे आत गेले, पंखा नसलेल्या खोलीत. मी एकटी उभी मध्ये, चहाचा ट्रे घेऊन. जाऊबाईंचा चेहरा आधी लाल, मग पांढरा, आणि मग… कसं सांगू, एकदम म्हातारा दिसायला लागला. त्या इतकंच म्हणाल्या, "मामंजींनी सांगितलं होतं. आम्ही काय बोलणार होतो तेव्हा." आणि गेल्या. रिक्षासुद्धा नाही बोलावली, मुख्य रस्त्यापर्यंत चालत.

रात्री वन्सं जेवल्या व्यवस्थित. दोनदा भात घेतला. मला वाटतं, बोलून टाकल्यावर भूक लागत असेल. झोपताना म्हणाल्या, "फार बोलले का गं मी?" मी काय सांगणार? म्हटलं, तेरा दिवसांचं ते मला आधी माहीत नव्हतं, छान सांगितलंत.

आणि आज सकाळी… अहो, जवळ या, हे मात्र भिंतीच्या अलीकडेच राहू द्या. आज सकाळी साडेसातला चाकणहून फोन. जाऊबाईंचा नाही, भाऊजींचा! कधी फोन न करणारा माणूस. विचारतात, "ताई आहे का अजून? किती दिवस आहे?" म्हटलं, रविवारचं तिकीट आहे. म्हणाले, "तिला सांग, आधार कार्ड आणि पॅन जवळ ठेव. उद्या राजगुरुनगरला वकिलाकडे जायचंय." कशाला, ते नाही सांगितलं. मी विचारलं, तर म्हणाले, "ते समक्ष बोलू."

आता ते समजुतीचं आहे की आणखी एका सहीचं, देव जाणे. वन्सं सकाळपासून पर्स उलटी करून पॅन कार्ड शोधताहेत आणि तोंडाने एक अक्षर नाही. मी तर ठरवलंय, उद्या यांच्याबरोबर राजगुरुनगरला आपणही जायचं, वाटेत दावडी बघू म्हणायचं… निमित्त काय, काहीही चालतं. अहो आले, आले! हे हाक मारताहेत. संध्याकाळी याल ना? लीलो चिवडा देते थोडा. भाकरवडीपण न्या, आमच्याकडे कुणी खात नाही.